पिशवी आत, मी बाहेर

मी एक जुना लाकडी चिमटा आहे. ओले कपडे दोरीवर धरून ठेवतात ना, तसला. आणि मित्रांनो, आत्ता या क्षणी मी चुकीच्या जागी पडलो आहे.

माझी जागा फ्रीजच्या वरच्या, बर्फाच्या कप्प्यात आहे. तिथल्या ब्रोकोलीच्या पिशवीच्या तोंडावर. पण मी आहे स्वयंपाकघराच्या ओट्यावर, नळापाशी, एका उष्ट्या चमच्याच्या शेजारी. पिशवी आत गेली, मी बाहेर राहिलो. तिचे तोंड उघडे आहे. ते बंद ठेवण्यासाठी या घरात एकच वस्तू नेमलेली आहे आणि ती इथे पाठीवर पडून छताकडे बघते आहे.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून वीस मिनिटे झाली आहेत.

पलीकडच्या खोलीत माणसे हसत आहेत. हसू देत बापडी. त्यांच्याकडे हसण्यासारखे कारण आहे, तेही मी सांगणार आहे. पण हसण्याच्या भरात दोन बोटांचे काम विसरायचे, याला काय म्हणावे? मला जबडा आहे, जीभ नाही. ओरडता येत असते तर आतापर्यंत घर डोक्यावर घेतले असते. येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

जन्म

थोडक्यात आटोपतो. आत पिशवी उघडी असताना बालपणाच्या गोष्टी रंगवत बसणे मला जमणार नाही.

लाकडाच्या दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून ठेवल्या, मध्ये तारेची स्प्रिंग अडकवली, झालो मी. एका पुठ्ठ्यावर आम्ही बारा भाऊ होतो. तो पुठ्ठा एका शिंप्याने घेतला. गिऱ्हाइके विचारत, "मास्तर, दुकानात दोरी नाही, मग चिमटे कशाला?"

मास्तर मापाची चिठ्ठी कापडाला लावत आणि ती धरून ठेवायला आम्हाला बसवत. बाकीचे शिंपी टाचणी लावत. आमचे मास्तर हाताखालच्या पोरांना सांगत, "टाचणीनं रेशमाला भोक पडतं. आणि रेशमाला पडलेलं भोक पुन्हा भरत नाही. मग तुम्ही काहीही करा."

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. मास्तरांनी ठेवले नाही.

एकदा कोणीतरी आमच्याबद्दल विचारले तेव्हा ते म्हणाले होते, "ही माझी शांत माणसं. धरतात आणि बोलत नाहीत." आयुष्यात मला मिळालेली एवढीच शाबासकी. मी ती जपून वापरतो.

वर्षे गेली. भाऊ एकेक करून मोडले, हरवले. मास्तरांची नजर अधू झाली. एका कोटाची डावी बाही उजव्या खांद्याला लागली, त्या दिवशी मास्तरांनी कापडाची कात्री तेलाने पुसली, फडक्यात गुंडाळली आणि दुकानाची फळी ओढून घेतली. शिलाई मशीन घरी आले. ते स्वयंपाकघराच्या दाराशी, खिडकीखाली बसवले. मशीनवर बटणांचा पत्र्याचा डबा, आणि त्या डब्यात मी. बारांतला उरलेला एक.

चार सत्तावीस. आतून फ्रीजची घरघर सुरू झाली. गार हवा आता पिशवीत फिरत असेल. चालू द्या!

घर

घरात तीन माणसे. मास्तर. त्यांची सून, ती शहराची बस चालवते. आणि नात, वय वर्षे आठ, जिला मास्तर 'बटण' म्हणतात आणि शाळा सोडून सगळे जग तेच म्हणते. मुलगा बोटीवर नोकरीला असतो. वर्षातले आठ महिने पाण्यावर आणि चार महिने झोपेत. मास्तरांची बायको दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून स्वयंपाकघर सुनेच्या गळ्यात पडले होते.

बटण कुठलीच भाजी खात नसे. ताटाच्या कडेला भाज्यांचे कुंपण घालायची. मग एकदा मैत्रिणीकडे तिने ब्रोकोली खाल्ली आणि घरी येऊन म्हणाली, "आई, ती छोटी झाडं आण ना." सून त्याच दिवशी गोठवलेल्या ब्रोकोलीची मोठी पिशवी घेऊन आली. एवढी पिशवी एका वेळी संपणार नव्हती. तोंड बंद करायला काहीतरी हवे म्हणून तिने बटणांचा डबा चाळला आणि मी तिच्या हाताला लागलो.

"हा चांगला आहे की!"

तिने पिशवी पोटाशी धरून आतली हवा दाबून काढली, तोंडाला पिळा दिला आणि मला लावले. तीन सेकंदांचे काम. पुढचे दोन महिने मी अंधारात, थंडीत, दात आवळून उभा होतो. दार उघडले की प्रकाश, ओटा, शेगडी. तुरे बाहेर काढले की परत आत. आत काही दिसत नाही, काही घडत नाही. पण एक खरे: त्या दोन महिन्यांत पिशवीतला शेवटचा तुरासुद्धा पहिल्यासारखाच हिरवा आणि सुटा राहिला. त्याबद्दल कोणी काही बोलले नाही. नीट बंद असलेल्या गोष्टीबद्दल कोण बोलतो?

मग सुनेला पहाटेची पाळी लागली. ती पाचला घर सोडू लागली. बटणचा शाळेचा डबा कोण करणार?

"स्वयंपाक मी बघतो," मास्तर म्हणाले. "जन्मभर लोकांचे कोट शिवले. एक भाजी शिजणार नाही का मला?"

सूनबाईंनी चाव्या दिल्यासारखा झारा त्यांच्या हातात दिला. इथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

भिजवणे

चांगला शिंपी नवे सुती कापड आधी पाण्यात भिजवतो. ते आटायचे तेवढे आटू देतो, वाळवतो, मगच कात्री लावतो. तसे केले नाही तर शिवलेला सदरा पहिल्या धुण्यात पोटावर चढतो. हे शहाणपण खरे आहे. कापडाच्या बाबतीत.

मास्तरांनी नवी पिशवी उघडली, संध्याकाळी वाडगाभर तुरे काढले आणि पाण्यात बुडवून ठेवले. सकाळी ते दोन्ही हातांनी पिळले. मग झाकण ठेवून वीस मिनिटे शिजवले. मी ओट्यावरून बघत होतो, मित्रांनो. माझी स्प्रिंग तुटेल एवढा संताप झाला. अहो, कारखान्यात त्या तुऱ्यांना आधीच एक उकळी देऊन गोठवलेले असते! पिशवीवर बारीक अक्षरांत लिहिले होते: 'वितळवू नका. थेट गरम भांड्यात टाका. पाच मिनिटे.' पण ती अक्षरे मास्तरांना दिसत नव्हती. आणि दिसत नाहीत, हे त्यांना कोणाला सांगायचे नव्हते.

डबा जसा गेला तसा परत आला.

"आबा," बटणने झाकण उघडून दाखवले, "ही झाडं पुरात सापडली होती का?"

"गुपचूप खायचं. शिजलेलं अन्न आहे."

"आबा, हे चावावं लागत नाही. हे आपोआप जातं."

"मग तर चांगलंच आहे."

"आणि हिरवा रंग कुठे गेला?"

"गेला असेल थोडा. पहिल्या धुण्यात जातोच."

बटण पोट धरून हसली आणि बिस्किटे खाऊन झोपली. मास्तरांनी वाडग्याकडे बराच वेळ पाहिले. मला वाटले, आता यांच्या लक्षात आले. ते स्वतःशी म्हणाले, "कमी भिजलं असेल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तुरे दुपारपासूनच भिजत घातले.

शिवणे

आता पुढचे ऐका. हे मला आजही सहन होत नाही.

ती पिशवी संपली आणि पुढची उघडायची वेळ आली. स्वयंपाकघरातली सुरी बोथट होती. समोर मशीनच्या खणात जगातली सर्वांत धारदार कात्री फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती. पण कापडाच्या कात्रीने प्लास्टिक कापायचे? जीव गेला तरी नाही! मास्तरांनी पिशवी दोन्ही हातांनी ओढली. ती वरून फाटली आणि कुशीला नऊ इंच उसवत गेली. तुरे फरशीवर उड्या मारत फ्रीजखाली गेले.

मी जवळच होतो. मला वाटले, आता दुसरी पिशवी घेतील, तुरे तिच्यात भरतील आणि मला लावतील. साधी गोष्ट.

मास्तर मशीनवर बसले.

प्लास्टिक मशीनला चिकटू नये म्हणून त्यांनी खाली कागद धरला. फाटलेल्या कुशीवर एक टीप मारली. तिच्याशेजारी दुसरी. इंचाला बारा टाके, सरळ रेघ, नजर अधू असूनही कुठे वाकडेपणा नाही. बारीक अक्षरांतली ती सूचना नेमकी शिवणीत गेली. मग त्यांनी जुन्या जाकिटाची चेन उसवून पिशवीच्या तोंडाला बसवली.

हो. चेन. ब्रोकोलीच्या पिशवीला.

सून संध्याकाळी आली. तिने पिशवी उजेडात धरली, चेन सर्रकन उघडली, सर्रकन लावली.

"बाबा, काय सुंदर काम केलंत हो!"

मास्तर लाजले. "हात विसरत नाही ग."

आणि मला उचलून, न बघता, बटणांच्या डब्यात टाकले.

सांगा आता. टाका म्हणजे काय? टाका म्हणजे आधी एक भोक. जितकी शिवण बारीक, तितकी भोके जास्त. रेशमाचे दुखणे जाणणारा माणूस! ज्याने जन्मभर टाचणी वर्ज्य केली, त्याने थंड हवेला दारे उघडून दिली आणि वर म्हणे हात विसरत नाही.

चार पस्तीस. कोणीतरी पाणी प्यायला येईल, अशी आशा होती. त्यांनी तांब्या आधीच आत नेला आहे.

डब्यातून

बटणांच्या डब्याला झाकण नव्हते. आवाज सगळे येत. दिसे ते मात्र अर्धे. जसे कळले तसे सांगतो.

आवाज: चेन. सर्र.

आवाज: तुरे वाडग्यात पडतात. सुटे पडत नाहीत. दगडासारखा एकच ढप् होतो.

बटणचा आवाज: "आबा, यांच्यावर बर्फ का पडलाय? आपल्याकडे तर पडत नाही."

तो बर्फ बाहेरून फारसा आलेला नव्हता, मित्रांनो. हवा आतबाहेर खेळली की तुऱ्यांच्या अंगातलेच पाणी निघून त्यांच्यावरच बर्फ होऊन बसते. आत उरतो सुका, पांढुरका, वास लागलेला चोथा. मी दोन महिने दात आवळून हेच अडवत होतो.

आवाज: शाळेच्या डब्याचे झाकण. आतले सगळे केराच्या टोपलीत. रोज.

मग एका संध्याकाळी, सुनेचा आवाज. दमलेला.

"बाबा, एक बोलू? रागावू नका."

"बोल."

"शाळेतून चिठ्ठी आलीय. बटण दुपारी काही खात नाही, तास सुरू असताना झोपते म्हणे. खालच्या मजल्यावरच्या काकू डबे करून देतात. तिचा डबा तिथे लावू या. तुम्ही आता आराम करा."

आवाज: झारा ओट्यावर ठेवला जातो.

"आराम म्हणजे नक्की काय करायचं?" मास्तरांनी विचारले.

"म्हणजे... बसायचं निवांत."

"कुठे?"

"अहो बाबा, घरातच. खुर्चीत."

"दुकान बंद केलं तेव्हापासून तीच खुर्ची आहे. या डब्यासाठी सकाळी तिच्यातून उठतो मी. तोही काकूंना दिलास तर उठायचं कशाला?"

मग मास्तरांचा आवाज दुकानात गिऱ्हाइकाला तारीख देताना व्हायचा तसा झाला. "पंधरा दिवस दे. पंधराव्या दिवशी डबा रिकामा आला तर स्वयंपाकघर माझं. भरलेला आला तर तुझ्या काकूंचं. मग मी चकार शब्द काढणार नाही."

"दिले," सून म्हणाली.

आणि ज्या वस्तूने हे सगळे वाचवता आले असते ती बटणांत लोळत होती.

आठवा दिवस

सणाची सुट्टी होती. सून उशिरा उठली. बटण भुकेने रडवेली झाली होती. भिजवायला वेळ नव्हता. सुनेने पसरट कढई तापवली, तेल टाकले, पिशवीतून त्यातल्या त्यात बरे तुरे निवडले, त्यांच्यावरचा बर्फ झटकला आणि तसेच दगडासारखे कढईत लोटले. चर्र झाले. झाकण सापडत नव्हते, म्हणून ठेवले नाही. पाच मिनिटांत लसूण, मीठ आणि ताटात.

बटणने सगळे खाल्ले. बोटे चाटली.

मास्तर दारात उभे होते. "भिजवलं नाहीस?"

"वेळ कुठे होता, बाबा?"

"मग बरं कसं लागलं तिला?"

"काय माहीत."

"भूक लागली असेल," मास्तर म्हणाले. सून आत गेल्यावर त्यांनी कढईत चिकटलेला एक तुरा काढला, कापडाचा पोत बघतात तसा दोन बोटांत चोळला, मग तोंडात टाकला. चावताना कर्र आवाज झाला. मग आणखी एक शोधला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोणाला न सांगता तसेच करून पाहिले. पण सुनेने बरे ते उचलले होते. तळाला नुसता बर्फाचा गोळा उरला होता. तो तापल्या तेलात पडला आणि तेल त्यांच्या अंगावर फुटाण्यासारखे उडाले. मनगट भाजले. घरभर ओलसर, कुबट वास. डबा भरलेला गेला, भरलेला आला.

"मी म्हणत होतो," मास्तर मनगट नळाखाली धरून म्हणाले, "भिजवायलाच हवं!"

अरे देवा. बरोबर रस्ता सापडला होता. शिवणीने तो घालवला. मला हलता आले असते तर त्या डब्यात बटणांना चावत सुटलो असतो.

दोन तुकडे

अकराव्या दिवशी बटणने मला उचलले. तिला मगर करायची होती. तिने माझा जबडा जरा जास्तच उघडला. स्प्रिंग उडाली आणि माझे दोन भाग झाले. एक मोरीच्या कडेला पडला, एक खिडकीच्या कट्ट्यावर. त्यामुळे पुढचे मी एकट्याने सांगू शकत नाही.

मोरीतला अर्धा: ती शिवलेली पिशवी रिकामी झाली होती. मास्तर काही फेकत नाहीत. त्यांनी बटणला ती धुवायला दिली.

कट्ट्यावरचा अर्धा: मास्तर भाजलेल्या मनगटाला मलम लावत बसले होते.

मोरीतला अर्धा: तिने पिशवी नळाखाली धरली. भरली. चेन लावली. उचलली.

कट्ट्यावरचा अर्धा: मास्तरांनी मान वर केली.

मोरीतला अर्धा: प्रत्येक टाक्यातून धार. दोन रांगा, सरळ, सुंदर. चेनच्या दातांतून वेगळीच झारी.

कट्ट्यावरचा अर्धा: मलमाची डबी त्यांच्या हातात तशीच राहिली.

मोरीतला अर्धा: "आबा! तू शॉवर शिवलायस! बघ ना, कसला भारी!"

कट्ट्यावरचा अर्धा: त्यांचे ओठ हलत होते. ते मोजत होते. इंचाला बारा. नऊ इंच. टिपा दोन.

मोरीतला अर्धा: पिशवी रिकामी झाली. बटणने पुन्हा भरली.

कट्ट्यावरचा अर्धा: "दोनशे सोळा," ते म्हणाले. "चेनची वेगळी." मग अगदी हळू, आपल्या हाताखालच्या पोराला सांगावे तसे, स्वतःला: "रेशमाला पडलेलं भोक पुन्हा भरत नाही."

ते उठले. मोरीत वाकले, खिडकीशी गेले, माझे दोन्ही भाग गोळा केले. स्प्रिंग मशीनखाली सापडली. अधू डोळ्यांनी, नुसत्या बोटांनी चाचपत त्यांनी मला जोडले. जबडा दोनदा उघडझाप करून पाहिला.

"हा शहाणा होता," ते म्हणाले. "यानं भोक न पाडता धरलं."

चार एक्केचाळीस. नाही, मी हळवा झालेलो नाही. मला नुसते आत जायचे आहे.

दुमड

त्या संध्याकाळी सुनेने नवी पिशवी आणली. मास्तरांनी ती बटणपुढे धरली.

"यावर काय लिहिलंय ते वाच."

"तूच वाच ना."

"मला दिसत नाही ग," मास्तर म्हणाले. एवढे सोपे वाक्य. महिनाभर घशात अडकले होते.

बटणने वाचले. वितळवू नका. थेट गरम भांड्यात. मास्तरांनी मान हलवली. "आणि हे त्या पिशवीवर नव्हतं का?"

"होतं ना आबा. तुझ्या शिवणीत गेलं होतं."

बोथट सुरीला त्यांनी आधी दगडावर धार लावली आणि पिशवीचा वरचा काठ सरळ कापला. मग एक धुतलेली, धड पिशवी घेऊन त्यांनी तिच्यात पाणी भरले. सुनेसारखा पिळा दिला, मला लावले आणि ती मोरीवर उलटी केली. पिळ्याच्या चुण्यांतून थेंब गळू लागले. त्यांनी पिळा सोडला. काठ सपाट केला, नखाने दाबत एकदा दुमडला, पुन्हा दुमडला. पडद्याच्या खालच्या काठाला घालतात तशी दुहेरी दुमड. तिच्यावर मला लावले. उलटी केली.

दोन थेंब पडले. त्यांनी आणखी एकदा दुमडले. थेंब थांबले.

"शिवायचं नाही," मास्तर म्हणाले. "नुसतं दुमडायचं."

मित्रांनो, मी खोटे बोलणार नाही. इतकी घट्ट, इतकी नीटनेटकी घडी मी जन्मात धरली नव्हती.

पुढचे तीन दिवस ते शिकले. इस्त्री तापली की नाही हे शिंपी पाण्याचा थेंब टाकून बघतो. तसा त्यांनी कढईत थेंब टाकला. तो नाचला तरच तुरे आत. भिजवणे नाही, पिळणे नाही, झाकण नाही. वाफ जाऊ द्यायची. पहिल्या दिवशी बारीक तुरे करपले. दुसऱ्या दिवशी मोठ्यांचे देठ कच्चे राहिले, डबा अर्धा परत आला. मग त्यांनी मोठे तुरे आधी टाकले, बारीक मागून. मीठ शेवटी. तिसऱ्या दिवशी बटण डबा बंद होण्याआधीच दोन झाडे पळवून गेली.

आणि आज पंधरावा दिवस.

आज

पावणेचारला बटण शाळेतून आली. सून तिच्याआधी पाळीवरून आली होती आणि खुर्चीत बसून बुटांची नाडी सोडायचे विसरली होती. मास्तर ओट्याकडे तोंड करून उभे. कोणीही डब्याकडे बघत नव्हते, म्हणजे सगळे तिकडेच बघत होते.

बटणने डबा ओट्यावर आपटला. सुनेने झाकण उघडले. आत लसणाची एक पाकळी होती.

"लसूण मी खात नाही," बटण म्हणाली. "ते ठरलेलं नव्हतं."

सून काकूंबद्दल एक अक्षर बोलली नाही. तिने पाकळी उचलून स्वतः खाल्ली आणि विचारले, "बाबा, उद्या डब्यात काय देताय?"

"बघतो," मास्तर एवढेच म्हणाले. मग कढई पुढे ओढून, "तू जेवलीस का? बस. तुला करून घालतो."

आणि इथे गोंधळ झाला. मास्तरांनी मला काढून ओट्यावर ठेवले. बटणने तुरे मोजून काढले. सुनेने पिशवी आत ठेवली. प्रत्येकाला वाटले, चिमटा दुसऱ्याने लावला. तीन माणसे, सहा हात, आणि मी चमच्याशेजारी.

हे असेच होते, मित्रांनो. काम बिघडले की आम्हाला शोधतात, आणि काम जमले की आम्हीच पहिले विसरले जातो. आज मला खरा राग याचा आहे. वाईट दिवसांत मी डब्यात पडलो तेव्हा चूक अज्ञानाची होती. आजची आनंदाची आहे, आणि आनंदाला कोण रागावणार?

चार वाजून पन्नास मिनिटे.

पावले. मास्तर आले. ओटा पुसायला फडके घेतले. नजर अधू; ते डोळ्यांनी पुसत नाहीत, हातांनी पुसतात. फडके चमच्याला लागले. चमचा मोरीत गेला. फडके पुढे आले. बोटे माझ्यावर थांबली.

"अरे! तू बाहेर?"

मग दाराकडे तोंड करून ते एवढ्याने ओरडले की पलीकडचे हसणे थांबले. "पिशवी उघडी कोणी ठेवली? सगळ्यांनी इकडे या! आत्ता! घडी कशी घालायची ते मी एकदाच दाखवणार आहे!"

मित्रांनो, हा आवाज दुकानातला आहे. बऱ्याच वर्षांनी ऐकतो आहे.

फ्रीजचे दार उघडले. गार वाफ बाहेर आली. वरवरचे चार तुरे पांढरे झाले आहेत, बाकी ठीक आहेत, वेळेत आलो. हवा निघाली. एक दुमड. दोन. बटण घडी घालते आहे, मास्तर तिची बोटे धरून सांगत आहेत, "नखानं दाब, नखानं." मला आता तोंड आवळायचे आहे, म्हणून शेवटचे पटकन सांगतो. मोठा उपदेश नाही. तुम्ही उठा आणि आपल्या घरचा ओटा बघून या. नळापाशी, चमच्याशेजारी, कोणी बाहेर राहिले आहे का. असेल तर त्याला त्याच्या जागी ठेवा. तो ओरडत असेल. तुम्हाला ऐकू येत नाही, एवढेच.

तीन दुमडी. लावा मला.